किनाऱ्यावरचा तंबू, बॅटरी आणि सोलर: बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या घाट उतरायला लागतात. कोण चोर्ल्याने गोव्यात, कोण शिनोळी-आंबोलीवरून वेंगुर्ल्याला, कोण रामनगर-जोयड्यावरून कारवारला. पूर्वी गाडीत चटई, पाण्याची घागर आणि कंदील असायचा. आता डिकीत पॉवर स्टेशन (फोनपासून पंख्यापर्यंत सगळं जोडता येणारा बॅटरीचा बंद डबा) आणि टपावर सोलरची प्लेट बांधलेली दिसते. निघायच्या आधीच्या आठवड्यात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आधी काय विकत घ्यायचं, बॅटरी की सोलर?

आधी काहीच नाही. कागद-पेन घ्या आणि हिशेब मांडा. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले ती किती तास चालणार, म्हणजे वॅट-तास. चार माणसांचं कुटुंब धरू. फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असेल तर ती साधारण १९ वॅट-तासांची. चार्ज करतानाची गळती धरून फोनमागे २२ मोजा, चौघांचे ९० झाले. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे ५०. झाले १४०. आता तंबूत १५ वॅटचे दोन डीसी पंखे रात्रभर आठ तास लावले, तर त्यांचेच २४० होतात. एकूण ३८०.

म्हणजे खरा प्रश्न पंख्याचा आहे. डिसेंबर-जानेवारीत पंख्यावाचून भागतं. मग २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका आणि घरून चार्ज करून नेलेले दिवे एका रात्रीला पुरतात, सोलरची गरजच नाही. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर घामाने झोप लागत नाही. तेव्हा ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन आणि १०० वॅटची प्लेट ही जोडी ठीक. १,००० वॅट-तासांच्या वर जायची वेळ बहुतेकांवर येत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पॉवर बँकेवर २०,००० लिहिलंय, माझा फोन ५,००० चा. मग चार वेळा का भरत नाही?

ते २०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचे आहेत, म्हणजे ७४ वॅट-तास. फोनला देताना व्होल्टेज वाढवावं लागतं, त्यात काही उष्णतेत जातं, केबलमध्ये थोडं जातं. हाताशी उरतात पन्नासेक. त्यात फोन अडीच वेळा भरला तरी पॉवर बँक चांगली समजा. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ असते, खरा आकडा तो. २०,००० च्या बँकेवर तो बहुधा १२,००० च्या आसपास दिसेल.

शेतातल्या झटका मशीनची प्लेट आणि बॅटरी नेली तर चालेल?

हा प्रश्न खानापूर-जांबोटी पट्ट्यातला. आणि हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. गवे-डुकरांसाठी लावलेली ती प्लेट भाताची सुगी झाली की बऱ्याच ठिकाणी नुसती ऊन खात बसते. ४० वॅटची प्लेट असेल तर किनाऱ्यावरच्या चांगल्या उन्हात दिवसाला १४० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. वर मांडलेला फोन आणि दिव्यांचा हिशेब तेवढाच होता.

मात्र दोन गोष्टी बघा. मशीन घरीच ठेवायचं. तारेत हजारो व्होल्टचे झटके सोडायला बनवलेली ती वस्तू पोरंबाळं असलेल्या तंबूत कशाला? दुसरं, बऱ्याच झटका मशीनमध्ये चार्जिंगचा कंट्रोलर आतच असतो. मशीन घरी राहिलं की कंट्रोलरही घरी राहतो. प्लेट थेट बॅटरीला जोडू नका. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी प्लेट मोकळी असताना २१-२२ व्होल्ट दाखवते आणि भरलेल्या बॅटरीलाही चार्ज करतच राहते. बॅटरी भरली की चार्जिंग आवरणारा, १० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर स्वतंत्र घ्या. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना उलटं. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ फ्यूज हवाच.

ऊस किंवा हरभरा अजून उभा असेल तर प्लेट शेतातच राहू दे. समुद्र कुठे जात नाही, डुकरं मात्र वाट बघत नाहीत.

फवारणीच्या पंपाची बॅटरी?

१२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तासांची) असेल तर ९६ वॅट-तास. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ४८ धरा. गाडीतला यूएसबी चार्जर सॉकेटमधून जोडला की दोन फोन होतात. नेण्यापूर्वी बॅटरी पंपातून बाहेर काढून पुसा. औषधाचा वास लागलेला पंप जेवणाच्या सामानाशेजारी ठेवू नका.

सोलर पंपाच्या मोठ्या प्लेटींतली एक काढून नेतो. ३३५ वॅटची आहे, धमाल होईल.

होणार नाही. त्या प्लेटी एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात आणि ओळीत मिळून काहीशे व्होल्टचा डीसी असतो. उन्हात प्लेट ‘बंद’ करता येत नाही. भरल्या उन्हात जोड ओढला तर ठिणगीची कमान उभी राहते आणि डीसीची कमान सहज विझत नाही. समजा सुखरूप निघाली, तरी अशी एक प्लेट मोकळी असताना ४५ व्होल्टच्या आसपास जाते. बऱ्याच छोट्या पॉवर स्टेशनांची सोलरची मर्यादा २५-३० व्होल्ट असते, त्यामुळे ते जळेल. शिवाय सरकारी योजनेतल्या पंपाला हात लावला म्हणून पुढे दुरुस्तीला कोणी दाद देणार नाही, ते वेगळंच.

घरचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी?

१५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते आणि आत पातळ ॲसिड असतं. आंबोलीच्या वळणांवर ती डिकीत कलंडली तर? ती घरातच बरी. घरच्या म्हाताऱ्या माणसांना लाईट गेल्यावर लागते.

गाडीच्याच बॅटरीवर रात्र काढली तर?

सकाळी गाडी ढकलायची तयारी असेल तर काढा. ती बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी व्हायला नाही.

उलट गाडी चालू असताना तिच्याकडून जरूर घ्या. सिगारेट सॉकेट साधारण १०० ते १२० वॅट देतो. बेळगावहून चोर्ल्यामार्गे पणजीला तीन तास धरले तर पोचेपर्यंत पॉवर स्टेशनमध्ये तीनशेच्या आसपास वॅट-तास भरतात. प्लेटीने दिवसभरात दिले असते तेवढे. तरीही लोक सॉकेटमध्ये मोबाईलचा एकच चार्जर खोचून येतात आणि किनाऱ्यावर उतरल्यावर सूर्याकडे बघत बसतात.

लिथियम-आयन की लिथियम फॉस्फेट?

किनाऱ्यासाठी फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. वजन थोडं जास्त, पण उष्णता जास्त सोसते, बिघडली तरी पेट घेण्याची शक्यता कमी आणि दोन-तीन हजार वेळा भरून-उतरून टिकते. साध्या लिथियम-आयनचं आयुष्य बरेचदा पाचशे ते हजार वेळांचं. वर्षातून दोनदाच नेणार असाल तर आयुष्याच्या फरकाने काही बिघडत नाही. उष्णतेचा फरक मात्र पहिल्याच दुपारी कळतो.

१०० वॅटची प्लेट १०० वॅट का देत नाही? टेरेसवर ऐंशी दाखवत होती, मालवणात सत्तर.

छापलेला आकडा प्रयोगशाळेतला आहे: चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. प्लेट जशी तापते तशी अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उतरते. वाळूवर पसरलेली प्लेट ६० अंशांना सहज पोचते, म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथेच गेले. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हिवाळ्यात गार वारा. तुमच्या टेरेसवर प्लेट खूश असते. खाली दमट धुरकट हवा आणि वर मिठाचा थर. दिवसाला ३०० ते ३५० वॅट-तास मिळाले तर प्लेट उत्तम चालली म्हणा.

थोडं परत मिळवता येतं. प्लेट वाळूवर आडवी टाकू नका, मागून वारा खेळेल अशी उभी करा.

प्लेट कुठे आणि कोणत्या दिशेला?

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पाठीमागे पूर्वेला सुरूची, माडांची रांग असते. सकाळचं ऊन त्या झाडांमागून येतं. तंबू सुरूच्या सावलीत लावला, ते बरोबर. पण प्लेटही तिथेच टेकवली की दहा-साडेदहापर्यंत काही हाती लागत नाही. आणि माडाच्या झावळीची एक पट्टी पडली तरी ‘एवढीशी तर सावली’ म्हणू नका. प्लेटीतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या ओळीचा प्रवाह अडतो. सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह नेणारे बायपास डायोड थोडं वाचवतात, सगळं नाही. म्हणून तंबू सावलीत, प्लेट उघड्यावर आणि मध्ये लांब केबल.

केबल जाडीची घ्या. दहा मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर १०० वॅटच्या प्लेटीचे अकरा-एक टक्के वायरच खाते. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तीन टक्क्यांच्या आत.

दिशा दक्षिण. डिसेंबरात दुपारीही सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, त्यामुळे प्लेट ३५ ते ४० अंश उभी करा. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, तेव्हा जवळजवळ आडवी चालते. दर तासाला उठून फिरवत बसायची गरज नाही. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा पश्चिमेकडे वळवली की पुरे.

उशिरा सकाळपासून समुद्रावरून खारा वारा सुटतो. घडीची प्लेट पतंगासारखी उडते. वाळूने भरलेल्या दोन पिशव्या पायाशी बांधा, वाळूत खुंट्या धरत नाहीत.

भरतीचं कसं कळतं? प्लेट वाहून जायला नको.

किनाऱ्यावरचा जुना अदमास असा: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. साडेबारा तासांनी पुन्हा भरती. वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. हा अदमास आहे, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना विचारलं की नेमकं सांगतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. चांदण्यासाठी पौर्णिमा निवडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. सुक्या काटक्या, शेवाळ आणि शिंपल्यांची जी रेघ वाळूवर दिसते, तिच्या बरंच वर सामान ठेवा.

बॅटरी किती तापली तर धोका?

बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. एप्रिलच्या दुपारी वाळू याहून कितीतरी तापते आणि काचा बंद केलेली गाडी तर भट्टीच. लोक काय करतात, प्लेटीच्या मागे सावली आहे म्हणून पॉवर स्टेशन तिथेच वाळूवर ठेवतात. प्लेटीची उष्णता वरून, वाळूची खालून. मग मशीन स्वतःच चार्जिंग थांबवतं आणि ‘सोलर चालत नाही’ म्हणून फोन येतो. झाडाखाली, लाकडी फळीवर किंवा उलट्या क्रेटवर ठेवा आणि पंख्याच्या जाळ्या मोकळ्या राहू द्या. ओला टॉवेल गुंडाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मीठ आणि वाळूपासून कसं वाचवायचं?

खरी लढाई इथे आहे. डोंगरावर कॅम्पिंग करणाऱ्याला ही भानगड नसते. समुद्राच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात, ते रात्री दवाबरोबर प्रत्येक धातूवर बसतात. यूएसबीच्या तोंडात हिरवट थर चढतो, कनेक्टर सैल होतात आणि मग नेमक्या त्या जागी तापतात. वापरात नसलेली सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद ठेवा. रात्री पॉवर स्टेशन तंबूच्या आत घ्या. प्लेट रोज सकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. कोरडी वाळू कोरड्या कपड्याने घासली तर चरे पडतात, म्हणून आधी झटका, मग पुसा.

पंखा असलेलं पॉवर स्टेशन वाळूच्या पातळीवर ठेवलं की वाळू आत ओढतं. हातभर उंचीवर ठेवा. आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, त्यामुळे समुद्रात बुडवून बघू नका. आणि बऱ्याच पॉवर स्टेशनांना तेवढंही संरक्षण नसतं.

लाट आली, पॉवर बँक भिजली. वाळवून वापरू?

नाही. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि आतल्या पट्ट्या कुरतडत राहतं. वरून सुकलेली दिसणारी बँक दोन दिवसांनी चार्जिंगला लावल्यावर पेटू शकते. तंबू आणि गाडीपासून लांब, उघड्यावर, जळेल असं काही नसेल तिथे ठेवा आणि गावी आल्यावर ई-कचऱ्यात द्या. फुगलेल्या बॅटरीलाही हाच नियम.

चहासाठी इंडक्शन किंवा किटली?

एक लिटर पाणी उकळायला गळती धरून शंभरेक वॅट-तास जातात. १०० वॅटच्या प्लेटीची दिवसाची एक तृतीयांश कमाई एका चहात संपली. शिवाय किटली १,२०० ते १,५०० वॅट ओढते, ५०० वॅटचं मशीन तिला उभंच करणार नाही.

मग गॅस? गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. पर्यटन खात्याच्या २०२२ च्या आदेशात त्यासाठी दंडही आहे. किनाऱ्यावर गाडी घालण्यालाही तिथे बंदी आहे. सिंधुदुर्ग-कारवारकडे जागेप्रमाणे बदलतं, आधी पंचायतीत किंवा जागामालकाला विचारा. माझं मत विचाराल तर एखाद्या घरवाल्याच्या माडाच्या बागेत तंबूची जागा ठरवा आणि चहा त्यांच्याकडूनच घ्या. त्या घरी प्लगही असतो हे ओघाने आलंच, पण मग सोलर दाखवायला कुणाला?

कारचा फ्रिज न्यावा का?

कंप्रेसरचा छोटा फ्रिज किनाऱ्याच्या उकाड्यात दिवसाला ३०० ते ५०० वॅट-तास खातो. बाकी सगळ्यांचं मिळून होतं साधारण तेवढं हा एकटाच. मासळीच्या जेटीजवळ बर्फ मिळतो, जाड थर्मोकोलच्या पेटीत लादी दीड-दोन दिवस टिकते. मासे, दूध, थंड पाणी सगळं त्यात होतं.

औषधांचं वेगळं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं, पण बर्फाला चिकटून ठेवलं तर गोठून वाया जातं. कपड्यात गुंडाळून, मध्ये अंतर ठेवून ठेवा. सुरू असलेल्या पेनसाठी वेष्टनावर लिहिलेलं तापमान आणि मुदत पाळा. डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

वडिलांना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं) लागतं. नेता येईल?

येईल. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवली तर बरीच मशीनं ३०-४० वॅटवर चालतात. आठ तासांचे २४० ते ३२०. ह्युमिडिफायर बंद ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मशीनची स्वतःची डीसी केबल घ्या. पॉवर स्टेशनचा एसी चालू ठेवला की ते नुसतं जागं राहायलाच १० ते २० वॅट खातं, म्हणजे रात्रीत ८० ते १६० वॅट-तास फुकट. ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन त्यांच्या एकट्यासाठी राखून ठेवा, पोरांचे फोन त्यावर नकोत. घरी एक रात्र बॅटरीवर झोपवून बघा, मगच घाट उतरा.

वळवाच्या पावसात काय?

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सह्याद्रीवर ढग भरून आले की प्लेट काढा, केबल गुंडाळा आणि माणसं पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जाऊ द्या. उघड्या किनाऱ्यावर उभा तंबू आणि एकटा माड, दोन्ही विजेच्या वाटेवर असतात. प्लेट भिजली तर भिजू दे.

पावसाळ्यात कॅम्पिंग?

जून ते सप्टेंबर नको. दाट ढगांत प्लेट दहा-वीस टक्के देते, आणि समुद्राचं तर विचारूच नका.

जनरेटर आणला तर?

आवाज, धूर आणि शेजारच्या तंबूतून शिव्या. तंबूजवळ लावला तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

मोठे फ्लडलाईट लावले तर चालतील? रात्री क्रिकेट खेळायचंय.

मोरजी, आगोंद, गालजीबाग, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून, आणि पिल्लं पुढे उन्हाळ्यापर्यंत निघतात. पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रावरच्या आकाशाचा उजेड ही त्याची खूण. तुमचा फ्लडलाईट दिसला की ते उलट तंबूकडे येतं आणि सकाळी कावळे-कुत्र्यांच्या तोंडी जातं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे. तांबडा किंवा पिवळसर मंद दिवा, जमिनीकडे तोंड करून, तंबूपुरता लावा. बॅटरीही वाचते. क्रिकेट दिवसा.

घेताना काय तपासायचं?

पॉवर बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का. पॉवर स्टेशनवर वॅट मोठ्या अक्षरात आणि वॅट-तास बारीक लिहिलेले असतात, पैसे वॅट-तासांचे मोजा. सोलरच्या तोंडाची व्होल्टची मर्यादा प्लेटीच्या मोकळ्या व्होल्टपेक्षा जास्त हवी. दुरुस्ती बेळगावात होते की खोकं बेंगळुरूला पाठवावं लागतं, हे दुकानातच विचारा. जड शिशाची बॅटरी आणि कंट्रोलर असा घरगुती संच असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणीतरी उघडून बघतो. बंद डब्याचं पॉवर स्टेशन उघडायला मात्र तिथलेही सहसा तयार नसतात.

परत आल्यावर?

त्याच दिवशी प्लेट गोड्या पाण्याने धुवा, कनेक्टर पुसून सावलीत सुकवा, तोंडांतली वाळू मऊ ब्रशने काढा. लिथियम बॅटरी निम्मी भरून ठेवा, शिशाची पूर्ण भरून. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून फरशीवर नको, माळ्यावर किंवा कपाटात. दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज बघा. आणि झटक्याची प्लेट नेली असेल तर ती पुढच्या पेरणीआधी शेतात परत लावायची आठवण ठेवा.